“मी टाकलो की!” : घरच्या पोकरमध्ये पॉट जुळत नसेल तर कुठून तपासायचं

लक्षणं आधी सांगतो, तुमच्या बैठकीत यातलं काय होतं ते ओळखा.

डाव अर्ध्यावर आलाय, मधल्या चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या सोंगट्या; मधल्या सगळ्या मिळून पॉट) मोजल्या तर आकडा बसत नाही. एकजण छातीवर हात ठेवून म्हणतो, “मी टाकलो की बे!” आणि बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. हे सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण.

पत्ते न उचललेला गडी म्हणतो, “मी ब्लाइंड आहे, मी निम्मंच टाकणार.”

चौथा पत्ता उघडून झाल्यावर कोपऱ्यातून आवाज येतो, “अरे, माझी पाळी राहिली की!”

कुणी “पन्नास वाढवलो” म्हणतो. एकाला वाटतं एकूण पन्नास झाले, दुसऱ्याला वाटतं आधीच्या वीसवर आणखी पन्नास, म्हणजे सत्तर.

समोर दोनशेच्याच चिप्स असलेला पोरगा जिंकतो आणि दीड हजाराच्या वरचा पॉट दोन्ही हातांनी ओढून घेतो. कुणाला तरी ते खटकतं, पण नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही.

आणि रात्री उठताना सगळ्यांच्या चिप्स एकत्र केल्या तर वाटल्या तेवढ्या भरत नाहीत.

बेळगावात, खानापूर-नंदगडाकडं, तिकडं निपाणी-संकेश्वरला, कुठंही पोकर बसला की ही भांडणं याच क्रमानं होतात. मला बोलावतात ते बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या लक्षणाला, तोवर आवाज चढलेले असतात. लबाडी क्वचितच सापडते. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. आपल्याकडची मंडळी गणपतीच्या जागरणात आणि दिवाळीत तीन पत्ती खेळून मोठी झालीत आणि पोकर शिकलीत फोनवर. फोनवरचं ॲप पाळी दाखवतं, आकडा मोजतं, पॉट वेगळे करतं. सतरंजीवर हे करायला कुणी नसतं, आणि मग हात आपोआप तीन पत्तीच्या सवयीनं चालतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राच्या कायद्यानं बंदी आल्यापासून तर ॲपवर शिकलेले पुष्कळ जण पहिल्यांदाच खऱ्या चिप्स हातात घेऊन बसायला लागलेत.

खाली सगळी उदाहरणं टेक्सास होल्डेमची आहेत : प्रत्येकाला दोन पत्ते, मध्ये पाच, बोली लावायच्या चार फेऱ्या. पहिली फेरी दोन पत्ते बघून, दुसरी मधले तीन उघडल्यावर, मग चौथ्या पत्त्यावर, मग पाचव्यावर. सहाजण बसलेत असं धरा, प्रत्येकाकडं १००० च्या चिप्स, ब्लाइंड, म्हणजे दोघांनी सक्तीनं टाकायच्या सुरुवातीच्या बोली, १० आणि २०. आमच्या चिप्सना पैशात किंमत नाही. उठताना ज्याच्याकडं सगळ्यात कमी, तो पुढच्या बैठकीला कुंदा, आपली बेळगावी मिठाई, आणतो. ते का, हे शेवटच्या भागात येईल.

पहिलं काम : हात वर

खर्च शून्य. वाद निघाला की सगळ्यांनी हात सतरंजीवरून उचलायचे. मधल्या चिप्सना कुणी हात लावायचा नाही, पत्ते पालथेच ठेवायचे, फेकलेले पत्ते उलटून बघायचे नाहीत. हे एवढं महत्त्वाचं का, तर पुढची प्रत्येक तपासणी ‘कुणासमोर काय आहे’ यावरच उभी आहे. एकदा कुणी मधला ढीग मोजायला म्हणून पसरला की पुरावा गेला. मग उरतो तो फक्त आवाज.

चिप्स कुठं पडतात ते बघा

तीन पत्तीत चाल म्हणजे पैसा सरळ मधल्या ढिगात. पोकरमध्ये तसं करायचं नाही. फेरी चालू असेपर्यंत प्रत्येकानं आपली बोली आपल्यासमोर ठेवायची, ढिगापासून वेगळी, सगळ्यांना मोजता येईल अशी. फेरी संपली की वाटणाऱ्यानं सगळ्या एकदम मध्ये ओढायच्या.

एवढा एक बदल केला तर “मी टाकलो की” हा वाद बहुतेक ठिकाणी त्याच रात्री थांबतो. कारण साधं आहे. समोर साठ दिसतात किंवा दिसत नाहीत, त्यात आठवणीचा प्रश्नच नाही. ढिगात पडलेल्या चिप्सवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

सतरंजीवर खडूनं एक मोठा गोल काढा. गोलाच्या आत पॉट, गोलाच्या बाहेर पण पत्त्यांच्या पुढं बोली, आणि पत्त्यांच्या मागं शिल्लक. सुरुवातीला जुने खेळाडू हसतात, “आम्हाला काय शिकवायलास” म्हणतात. हसू दे. तासाभरात तेच दुसऱ्याला “गोलाच्या भायेर ठेव की” असं सांगायला लागतात.

ज्यांच्याकडं चिप्सचा सेटच नाही, चिंचोके किंवा काड्या वापरतात, त्यांनी तर हे नक्की करावं. काड्या ढिगात एकदा गेल्या की मोजायला देव उतरला तरी उपयोग नाही.

बटन कुणाकडं आहे?

हे तपासायला पाच सेकंद लागतात. वाटप करणारा कोण, हे दाखवायला एक वस्तू हवी, तेच बटन. कॅरमचा स्ट्रायकर उत्तम. प्रत्येक डावानंतर ती डावीकडं सरकते. तिच्या डावीकडचा पहिला १० टाकतो, तो छोटा ब्लाइंड; दुसरा २०, तो मोठा ब्लाइंड. पहिल्या फेरीत पाळी २० वाल्याच्या डावीकडून सुरू होते. मधले तीन उघडल्यानंतरच्या सगळ्या फेऱ्यांत बटनच्या डावीकडचा जो पहिला गडी डावात शिल्लक आहे त्याच्यापासून. पाळीबद्दलचे निम्मे वाद इथंच मिटतात, कारण लोक सगळ्या फेऱ्या एकाच जागेवरून सुरू करतात.

दोघंच उरले असतील तर मात्र उलटं होतं. बटनवालाच १० टाकतो, पहिल्या फेरीत तोच आधी बोलतो आणि पुढच्या फेऱ्यांत शेवटी. रात्री एकच्या पुढं, बाकीचे घरी गेल्यावर, चिवट खेळणारे दोघं यावरच भांडतात.

तीन पत्तीची सवय शोधा

हाच खरा रोग. त्यामुळं इथं थोडं थांबतो.

पहिली सवय : ब्लाइंडला बूट समजणं. तीन पत्तीत बूट, म्हणजे डाव सुरू व्हायच्या आधीची ठरलेली रक्कम, सगळे टाकतात आणि तो गेला. नंतरच्या चालीत तो धरायचा नसतो. पोकरमधले १० आणि २० गेलेले नसतात. ती त्या गड्याची चालू बोलीच असते, फक्त सक्तीची.

बघा कसं होतं. सहाजणांत पहिला पॅक झाला, म्हणजे पत्ते टाकून डावातून बाहेर पडला. दुसऱ्यानं एकूण साठ लावले. पुढच्या दोघांनी साठ दिले. १० वाला पॅक. आता २० वाले काका.

“बूट टाकलो की रे मघाशीच,” काका म्हणतात आणि आणखी साठ पुढं सरकवतात.

“काका, ते वीस तुमचेच हाईत. चाळीसच द्या,” वहिनी सांगतात.

काकांना वाटतं वहिनी सूट देतायत, म्हणून ते घ्यायला तयार होत नाहीत. पण वहिनींचं बरोबर आहे. चौघांचे साठ-साठ म्हणजे २४०, आणि पॅक झालेल्याचे १०, एकूण २५० हवेत. काकांनी साठ टाकले तर २७० होतात.

इथं एक कामाची गोष्ट सांगतो, ती कुठल्याही ॲपनं शिकवलेली नसते : फरक कितीचा आहे यावरून चूक कुणाची हे कळतं. पहिल्या फेरीत पॉट बरोबर २० नं जास्त भरला तर मोठ्या ब्लाइंडनं स्वतःचे वीस धरलेच नाहीत. १० नं जास्त असेल तर छोट्या ब्लाइंडनं. पूर्ण बोलीएवढा, म्हणजे इथं ६० नं कमी असेल, तर कुणीतरी नुसतं तोंडानं “कॉल” (समोरच्याएवढं भरतो) म्हणून चिप्स सरकवल्याच नाहीत. आणि आधी कुणी नुसते वीस देऊन बसला होता, नंतर साठची बोली आली, आणि पॉट २० नं कमी निघाला, तर त्यानं वीसवर चाळीस द्यायच्या ऐवजी वीसच दिलेत. आधी वजाबाकी करा, मग माणसाकडं बघा. उलटं केलं की भांडण.

दुसरी सवय : ‘ब्लाइंड’ म्हणून निम्मं देणं. तीन पत्तीत पत्ते न बघता खेळणाऱ्याला निम्म्यात चालतं, बघितलेल्याला दुप्पट द्यावे लागतात. पोकरमध्ये पत्ते बघितले की नाही याचा बोलीशी काही संबंध नाही. दोन पत्ते पालथे ठेवून अख्खा डाव खेळा, तरी साठ म्हणजे साठच. इथं ब्लाइंड ही जागा आहे, बटनच्या डावीकडची. ती माणसाची अवस्था नाही.

तिसरी सवय, आणि हीच सगळ्यात महागात पडते : बोली गोल-गोल फिरत राहते असं समजणं. तीन पत्तीत प्रत्येक पाळीला नवी चाल, नवे पैसे, शो होईपर्यंत चालू. पोकरमध्ये फेरी बंद होते. त्याच्या दोनच अटी आहेत. एक, डावात असलेल्या प्रत्येकाला त्या फेरीत निदान एकदा बोलायची संधी मिळाली पाहिजे. दोन, सगळ्यांसमोरची बोली सारखी झाली पाहिजे. ज्याच्या चिप्स संपल्या तो सोडून. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या त्याच क्षणी फेरी बंद. मग ज्यानं सगळ्यात मोठी बोली लावली त्यालासुद्धा स्वतःचीच बोली पुन्हा वाढवता येत नाही. “सगळ्यांनी साठ दिले? बरं, मग माझे आणखी शंभर” हे चालत नाही. मध्ये दुसऱ्या कुणी वाढवलं असेल तरच पाळी त्याच्याकडं परत येते.

‘चेक’, म्हणजे काही न टाकता पाळी पुढं देणं, कधी चालतं याचं उत्तरही यातच आहे. समोरची सगळ्यात मोठी बोली आणि तुमची बोली सारखी असेल तरच चेक. नसेल तर भरा, वाढवा किंवा पॅक व्हा. साइड शो वगैरे मागायचा नाही, पोकरमध्ये ते नाहीच.

पहिल्या फेरीत सगळ्यांनी नुसते वीस-वीस दिले तर लोक लगेच पत्ते उघडायला जातात. थांबा. मोठ्या ब्लाइंडवाल्यासमोर वीस आहेत खरे, पण ते सक्तीचे होते. तो अजून बोललेला नाही. त्याला चेक करायचा किंवा वाढवायचा हक्क आहे. पहिली अट पुरी झालेली नाही.

आणि पत्ते लवकर उघडलेच गेले तर? मधले तीन असतील तर ते उरलेल्या गड्डीत मिसळून, पिसून, राहिलेली बोली झाल्यावर नवे तीन काढा. चौथा पत्ता असेल तर तो बाजूला ठेवा, बोली पुरी करा आणि गड्डीतला पुढचा पत्ता चौथा म्हणून लावा. त्या फेरीची बोली झाली की बाजूचा पत्ता गड्डीत परत पिसून मग पाचवा काढा. “उघडलाय तर राहू दे की” म्हणणारा हमखास तोच असतो ज्याला तो पत्ता बसलाय.

वाढवण्याचा आकडा

हे तुलनेनं सोपं आहे, पण एकदाच ठरवून भिंतीवर लिहावं लागतं.

आकडा नेहमी एकूण सांगायचा. “एकूण सत्तर.” मग ‘नं वाढवलो’ की ‘पर्यंत नेलो’ हा प्रश्न उरत नाही. टेबलावर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे असतील, आणि आपल्याकडं असतातच, तर आकडा बोलून चिप्सही त्याच वेळी समोर मांडायच्या. “ऐवत्तु” आणि “पन्नास” यात घोळ होत नाही. घोळ होतो तो पन्नास कशावर यात.

कमीत कमी किती वाढवायचं? आधीच्या वाढीएवढं तरी. कुणी ४० लावले, पुढच्यानं एकूण १०० केले, म्हणजे वाढ ६० ची. आता तिसऱ्याला वाढवायचं तर एकूण १६० तरी हवेत. १२० चालणार नाहीत. फेरीतली पहिली बोली निदान मोठ्या ब्लाइंडएवढी, म्हणजे २०.

तोंडातून गेलं ते बांधील. पाळी आल्यावर “कॉल” म्हणालात तर कॉल, मग शेजाऱ्याचा चेहरा बघून विचार बदलता येत नाही. काही न बोलता एकच मोठी चिप टाकली, वीसच्या बोलीवर शंभरची, तर तो कॉल. ऐंशी परत घ्या. आणि चाळीस पुढं सरकवून, समोरच्याचा चेहरा वाचून, “…आणि वर शंभर” म्हणत पुन्हा हात मागं नेणं बंद. एका हालचालीत जेवढं गेलं तेवढीच बोली, आधी आकडा बोलला असेल तर गोष्ट वेगळी. यात लबाडी असतेच असं नाही, नाटकाची हौस असते. पण परिणाम तोच.

पॉट-लिमिट नावाचा प्रकार घरी खेळू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पॉट १००, समोरच्याचे ५०, तर जास्तीत जास्त किती? आधी ५० भरून पॉट २०० झाला असं धरायचं, मग त्यावर २०० ची वाढ, म्हणजे एकूण २५०. हे दर पाळीला करणार कोण? नो-लिमिट, म्हणजे वरची मर्यादा नसलेला प्रकार, खेळा किंवा वाढ ठरावीक ठेवा.

ऑल-इन : इथं वही काढा

दोनशेवाल्या पोराच्या लक्षणाकडं आलो. ऑल-इन म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स एकदम लावणं. ही तपासणी अवघड आहे, घाई करायची नाही.

नियम एका ओळीचा : स्वतः जेवढं घातलं, प्रत्येकाकडून तेवढंच जिंकता येतं. त्यातून बाकी सगळं निघतं.

मधले तीन उघडलेत, पॉटमध्ये आधीचे १५० आहेत. धाकट्याकडं २००, वहिनींकडं ५००, मामांकडं ९००. तिघंही सगळं पुढं सरकवतात. आता ढीग एकत्र करायचा नाही. सगळ्यात लहान आकड्यापासून सुरुवात करायची.

धाकट्याचे २००. तिघांकडून दोनशे-दोनशे घ्या, ६०० झाले, त्यात आधीचे १५० मिळवा. मुख्य पॉट ७५०. यात तिघांचाही हक्क.

मग वहिनींचे उरलेले ३००. मामांकडूनही ३०० घ्या. बाजूचा पॉट ६००. यात फक्त वहिनी आणि मामा.

मामांचे ४०० उरले. ते कुणी भरलेलेच नाहीत, म्हणून मामांना परत. आत्ताच, पत्ते उघडायच्या आधी.

पडताळा : ७५० अधिक ६०० अधिक ४०० म्हणजे १७५०. आणि सुरुवातीला १५० अधिक २००, ५००, ९०० म्हणजेही १७५०. हा पडताळा जुळल्याशिवाय पुढचा पत्ता काढू नका.

शेवटी धाकट्याला तीन गुलाम, वहिनींना दोन जोड्या, मामांना एक्क्यांची नुसती एक जोडी. आधी बाजूचा पॉट सोडवायचा : वहिनी विरुद्ध मामा, वहिनींना ६००. मग मुख्य : धाकट्याला ७५०. “सगळ्यात भारी पानं माझी, मग ते सहाशे पण माझेच की!” असं धाकटा म्हणणार. नाही. त्या सहाशेत त्याची एक चिपही नाही. वहिनींची पानं सगळ्यात भारी असती तर दोन्ही पॉट त्यांचे झाले असते, १३५०.

कुणी याच फेरीत १०० लावून नंतर पॅक झाला असेल तर ते शंभर मुख्य पॉटात जातात. त्यानं ३०० लावून सोडले असते तर पहिले दोनशे मुख्यात आणि वरचे शंभर बाजूच्या पॉटात गेले असते. पॅक झालेल्याच्या चिप्स राहतात, हक्क जातो.

आणखी एक बारीक जागा. बोली १०० ची, पुढच्यानं शेवटच्या १३० टाकून ऑल-इन केलं, तिसऱ्यानं १३० भरले. पहिल्याकडं पाळी आली. तो ३० भरू शकतो किंवा पॅक होऊ शकतो; पुन्हा वाढवू शकत नाही, कारण ती तीसची वाढ पूर्ण वाढ नव्हती. हे माहीत नसलेला माणूस इथं हजार सरकवतो आणि मग पुढचा अर्धा तास चहा गार होतो.

डाव चालू असताना खिशातून किंवा डब्यातून नव्या चिप्स आणायच्या नाहीत, शेजाऱ्याकडून उसन्या घ्यायच्या नाहीत, “लिहून ठेव” नाही. डाव सुरू होताना समोर जे होतं तेवढ्यावरच तो डाव. नव्या चिप्स दोन डावांच्या मध्ये.

दोघांची पानं सारखी आली आणि २५० चे दोन भाग करायचे असतील, सगळ्यात लहान चिप १० ची असेल, तर एकाला १३० आणि एकाला १२०. वरची चिप बटनच्या डावीकडून पहिल्या बसलेल्याला. टॉस नको, चर्चा नको.

तरीही रात्री एकूण भरत नसेल

मग दोष बोलीत नाही, पेटीत आहे. सहाजणांना प्रत्येकी १० च्या दहा, ५० च्या सहा, १०० च्या सहा दिल्या तर माणशी १००० आणि सगळ्या मिळून ६०००. हा आकडा आणि नंतर कुणी घेतलेल्या चिप्स वहीत लिहा. दर तासाला समोरच्या चिप्स मोजून घ्या. शेवटी एकदाच मोजलं तर चूक कधी झाली ते सापडत नाही.

खानापूर भागात पावसाळ्यात लाइट जाते हे वेगळं सांगायला नको. इमर्जन्सी दिव्यात निळी पन्नासची आणि हिरवी शंभरची सारखीच दिसते. पांढरी, लाल, काळी अशा चिप्स ठेवा. आणि शेवटची बस गाठायला पळणाऱ्याचा शर्टाचा खिसा बघा. सवयीनं दोन-चार तिथं गेलेल्या असतात.

कुठं हात टेकायचे

एखादा डाव वरच्या सगळ्या तपासण्यांनंतरही सुटत नसेल तर त्या डावात ज्याच्या जेवढ्या आठवतात, दोघा तिऱ्हाइतांना पटतात, तेवढ्या परत देऊन पत्ते नव्यानं वाटा. मित्रांच्या खेळात एवढा अधिकार घरमालकाला द्यावा आणि त्याचा शब्द शेवटचा मानावा. तो स्वतः त्या डावात असेल तर पॅक झालेल्यांपैकी सगळ्यात वडील माणसाला विचारा.

पण काही दोष चिप्सचे नसतात, ते माझ्यासारख्यानं किंवा तुमच्यासारख्यानं दुरुस्त करायचे नाहीत.

चिप्सना पैशात किंमत आली असेल, आणि त्यातही जागा देणारा प्रत्येक पॉटातून नाल, म्हणजे स्वतःचा वाटा, काढत असेल, तर तो प्रश्न पोकरच्या नियमांचा राहिला नाही. इथं कर्नाटक पोलीस कायदा १९६३ लागतो, आणि त्यात जुगार आणि जुगाराचा अड्डा यांची कलमं आहेत. आपल्या भागातली गंमत अशी की कोगनोळीच्या पलीकडं गेलं की महाराष्ट्राचा कायदा, तो मुळात १८८७ चा; चोर्ला घाट उतरलं की गोवा, तिथं परवाना घेतलेले कॅसिनो. तिकडं मांडवीवर बोटीत जे चालतं ते इकडं घरात चालतंच असं नाही, आणि कोल्हापूरच्या पाहुण्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं कलम इथल्या ठाण्यात कामाला येत नाही. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद कोर्टाकोर्टांत झालाय. तो आपल्या माडीवर मिटवू नका. शंका असेल तर बेळगावच्या कोर्टात फौजदारी कामं बघणाऱ्या वकिलाला, खेळायच्या आधी, विचारा. आमच्याकडं कुंदा चालतो तो यासाठी.

दुसरं. कुणी हरलेलं भरून काढायला म्हणून उसने मागतोय, सोसायटीचं कर्ज किंवा घरातलं सोनं यांचा विषय निघतोय, बायकोला सांगू नका म्हणतोय, “आज शेवटचं” दर आठवड्याला म्हणतोय : अशा वेळी त्याचा हिशेब समजावून उपयोग नसतो, तो त्याला तुमच्यापेक्षा चांगला कळत असतो. त्याला चिप्स देणं थांबवा, चारचौघांत बोलू नका, आणि मानसोपचार डॉक्टरांकडं न्या. डॉक्टरांकडं जायला तयार नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन मोफत, दिवसरात्र लागतो, आणि घरच्यांनी केला तरी चालतो. पैसे कुणाचे किती राहिले हे नंतर बघा. त्याच्या वाटणीचा कुंदाही त्या महिन्यात दुसऱ्या कुणी आणला तरी चालेल.